पहिला घोट यजमानाचा

मनमायाच्या पांढऱ्या कोटावर ‘डॉ. लिन मेई, चेंगदू’ अशी पितळी पट्टी शैलेश सरांनी स्वतःच्या हातानं लावली. मग दोन पावलं मागं सरून त्यांनी मान तिरकी केली, पट्टी सरळ बसलीय का ते बघितलं आणि खुशीत म्हणाले, "वा! एकदम ओरिजिनल."

नीरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथंच, हातात रक्तदाबाचं यंत्र घेऊन उभी होती. मनमाया तामांग नेपाळातली, सिंधुपाल्चोकच्या एका खेड्यातली. चीन आपल्या डोंगरांच्या पलीकडं आहे, एवढीच तिची आणि त्या देशाची ओळख. कुवेतच्या सालमियातल्या समुद्राकाठच्या या सेंटरमध्ये ती नऊ वर्षं मसाज करत होती. तिच्या हाताखालून उठलेला माणूस पुढच्या वेळी तिचंच नाव घेऊन यायचा, हे खरं. पण सुई तिनं आजवर फक्त बटण लावायला हातात धरली होती.

"सर, तुम्ही काय करायलात हे?" नीरजानं विचारलं. अठरा वर्षं कुवेतमध्ये काढली तरी राग आला की तिच्या तोंडून थेट अंबाजोगाई बाहेर पडायची.

"नीरजाताई, चिडू नका हो. ब्रँडिंग आहे हे. आपला चिनी डॉक्टर व्हिसात अडकलाय. तोवर दोन महिने ढकलायचे. टूरिस्टला काय कळतंय?"

"व्हिसात कुणी अडकलं नाही. होत्या त्या बाई तुमचं तोंड बघून पळून गेल्या."

शैलेश सर हसले. पुण्याहून येऊन बारा वर्षं मॅनेजरकी केलेल्या या माणसाला कुणी काही लावून बोललं की हसायची सवय होती. त्या हसण्याचा नीरजाला बोलण्यापेक्षा जास्त संताप यायचा.

महामारी सरली तेव्हा सेंटर रिकामं पडलं होतं. मग सरांच्या डोक्यातून हे खूळ निघालं. बाहेरदेशांतून माणसं आणायची, आणि ती कोणती? तर कोविडमधून वाचलेली, पण अजून धाप लागणारी, दोन जिने चढले की खाली बसणारी. ‘प्राचीन चिनी उपचार, सात दिवसांत नवा श्वास’ असं पॅकेज निघालं. त्यात विमानतळावरून आणणं, हॉटेल, सुया, काढे आणि शेवटच्या दिवशी बोटीतून फेरी. शुवैखच्या गोदामातून लाल कंदील आले. अम्गराच्या एका सुताराकडून भंगारातल्या लाकडाचं भिंतभर कपाट करून घेतलं. वनौषधींचे एकशेवीस खण, प्रत्येकावर चिनी अक्षरं. त्यातले उघडायचे फक्त चार. बाकीच्यांच्या नुसत्या फळ्या आणि कड्या चिकटवलेल्या होत्या.

खरी डॉक्टर आली नव्हती असं नाही. डॉ. शेन नावाच्या साठीतल्या बाई चेंगदूहून आल्या आणि दीड महिना राहिल्या. नीरजा त्यांच्या मदतीला असायची. बाई एकेका माणसाला चाळीस मिनिटं द्यायच्या. खिडकीजवळ उजेडात नेऊन जीभ बघायच्या, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसायच्या. निम्म्या लोकांना तर सुई लावायच्याच नाहीत. "तुमचं काम माझ्याकडं नाही, छातीच्या डॉक्टरांकडं जा," म्हणून परत पाठवायच्या. नीरजाचा आधी यावर विश्वास नव्हता. उपचारावर तो अजूनही पुरता बसला नव्हता, पण बाईंवर बसला. एकदा नीरजाच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याशी बोट टेकवून बाई म्हणाल्या होत्या, "इथं कातडीखाली एक बोटसुद्धा खोल नाही, लगेच फुफ्फुस. सडपातळ माणसाचं तर त्याहून वर. माझ्या गुरूंनी मला इथं सुई लावू दिली ती सहाव्या वर्षी."

शैलेश सरांना तासाला चार माणसं हवी होती. बाई म्हणाल्या, मी माणसं तपासते, बॅगा नाही. आणि सामान भरून निघून गेल्या. पोस्टरं मात्र छापून झाली होती.

आता त्या पोस्टरवर मनमायाचा चेहरा चिकटवलेला होता. हीच गोष्ट नीरजाच्या घशाखाली उतरत नव्हती. कारण हाच चेहरा चार वर्षांपूर्वी याच माणसाला नकोसा झाला होता.

दोन हजार वीसचा मार्च होता तो. ती राहायची त्या महबूला वस्तीतल्या दुकानात मनमाया पाव आणायला गेली की लोक "कोरोना, कोरोना" ओरडत बाजूला व्हायचे. एकदा कुणीतरी अंगावर थुंकलं. सेंटर अजून बंद व्हायचं होतं. शैलेश सरांनी तिला ऑफिसात बोलावलं, टेबलावर एक मास्क टाकला आणि सांगितलं, "गिऱ्हाइकं घाबरतात तुझं तोंड बघून. मागच्या दरवाज्यानं जा. तोंड झाकून जा." त्यानंतर पाच महिने पगार नाही, चौकशी नाही. महबूलाला टाळेबंदीचं कुलूप लागण्याआधी नीरजानं तिला आपल्या खोलीवर आणलं. नीरजा तेव्हा सरकारी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात नर्स होती. रोज बारा तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात उकडून निघायची आणि खोलीवर येऊन नुसती भिंतीला टेकून बसायची. मनमाया काही न विचारता गरम पाण्याची बादली पुढं ठेवायची आणि तिचे पाय चोळायची. ते दिवस नीरजा विसरली नव्हती. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिनं हॉस्पिटल सोडलं आणि मनमायाच्याच ओळखीनं या सेंटरमध्ये आली.

मनमाया काही हौसेनं डॉक्टर झाली नव्हती. फरवानियातल्या एका बायकांच्या सलूनमध्ये तिला चांगलं काम मिळत होतं. त्यासाठी सेंटरकडून ‘रिलीज’ हवा होता, म्हणजे व्हिसा दुसऱ्या मालकाकडं जाऊ देण्याची परवानगी. शैलेश सर म्हणाले, आधी हा सीझन डॉक्टर लिन हो, मग रिलीज. नाही म्हणालीस तर कामावरून पळालीस अशी नोंद करतो, पोलीस येऊन विमानात बसवतील.

"दीदी, मैं फँस गयी," चादरींच्या खोलीत ती नीरजाला म्हणाली. तीन दिवस तिला मोबाइलवर सुया टोचण्याचे व्हिडिओ दाखवत होते. "वीडियो में आदमी नहीं है, रबर का पुतला है."

नीरजानं आपल्या परीनं सगळं करून बघितलं. सरकारात तक्रार करावी, तर पहिला हात पडणार कुणावर? कोट घातलेल्या बाईवर. पोस्टरवर फोटो तिचा, सुई तिच्या हातात. शैलेश सर हात झटकून मोकळे होणार. मालकीणबाईंकडं जावं म्हणून ती गेलीही. उम्म नासेर सत्तरी ओलांडलेल्या. वर्षातले सहा महिने लंडनला, उरलेले सहा घरात. नीरजानं "मॅडम, त्या चिनी पॅकेजबद्दल" एवढं म्हणताच त्यांनी हात वर केला. "शैलेश बघतो सगळं. त्याच्याशी बोल." विषय संपला. मग नीरजानं सुयांची पेटी उचलून चादरींच्या ढिगाखाली लपवली. दुसऱ्या दिवशी सरांनी कपाटाच्या उघडणाऱ्या चार खणांपैकी एकातून नवी पेटी काढली आणि नेहमीसारखे हसले.

उम्म नासेरांची एक गोष्ट मात्र नीरजाला ठाऊक होती आणि शैलेश सरांना नव्हती. मागच्या हिवाळ्यात ती बाईंच्या घरी रक्तदाब बघायला गेली होती. तेवढ्यात आईचा फोन आला. नीरजा बाजूला होऊन बोलली, फोन ठेवला. म्हातारीनं डोळे मिचकावत विचारलं होतं, "आई जेवली?" नीरजा उडालीच. बाईंच्या वडिलांची मुंबईत मोत्यांची पेढी होती. वयाच्या दहा वर्षांपर्यंत त्या तिथं वाढल्या होत्या, अलिबागकडच्या एका दाईच्या मांडीवर. त्यांच्या मराठीत सगळ्यांना ‘तू’च होतं, कारण दहा वर्षांच्या पोरीला दाईनं तेवढंच शिकवलं होतं. शैलेश सर मात्र त्यांच्यादेखत फोनवर पुण्याला बिनधास्त बोलायचे, ‘म्हातारी’ म्हणायचे, आणि वर इंग्रजीत "येस मॅडम" करायचे. आपली भाषा आपल्या बापजाद्यांची तिजोरी आहे, दुसऱ्या कुणाकडं किल्ली असणारच नाही, अशी परदेशातल्या आपल्या माणसांची जी समजूत असते, तीच त्यांची होती.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. हॉलमध्ये कंदील लागले, मधे पांढरं टेबल, भोवती खुर्च्या. पर्यटन खात्याचे दोन पाहुणे, चार ट्रॅव्हल एजंट, दोन कॅमेरेवाले आणि पॅकेज घेऊन आलेली अकरा माणसं. पहिल्या रांगेत, टेबलापासून हातभर अंतरावर, उम्म नासेर.

पाहुण्यांची तपासणी नीरजाकडं होती. पहिले आले तुर्कस्तानातले एक निवृत्त भूगोलाचे मास्तर, निहात. हाडांची नुसती मोळी. कोविडमध्ये तीस दिवस नळीवर होते. ऑक्सिजन एक्क्याण्णव. त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की त्यांचं घर त्राब्झोनच्या उतारावर आहे, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांना मधे न बसता वर जायचंय, बस, एवढंच. हे सांगताना त्यांना दोनदा श्वास घ्यायला थांबावं लागलं. त्यांनी कपाटाचा एक खण कौतुकानं ओढून बघितला. तो उघडला नाही. दुसरा ओढला, तोही नाही. ते नीरजाकडं बघून ओशाळं हसले, जणू चूक त्यांचीच होती.

नीरजाला त्या हसण्यानं कानशिलात मारल्यासारखं झालं. असे मास्तर तिनं वॉर्डात रांगेनं बघितले होते. हा माणूस तिथून वाचून आला होता, आणि आता त्याच्या उरलेल्या फुफ्फुसावर व्हिडिओ बघून शिकलेली सुई चालणार होती. तिनं कागदावर लाल पेनानं लिहिलं, ‘सुई नको.’ शैलेश सरांनी तो कागद घेतला, वाचला, चौघडी घालून खिशात ठेवला आणि मास्तरांना हात धरून टेबलाकडं नेलं. "पहिला मान यांचा!"

मनमाया टेबलामागं उभी होती. कोट, पट्टी, तोंडावर मास्क. डोळ्यांत पाणी भरलेलं फक्त नीरजाला दिसत होतं.

त्याच वेळी कॉफी आली. उम्म नासेरांच्या घरची जुनी रीत होती, आणि सेंटरमध्येही त्यांनी ती सोडलेली नव्हती. दल्लातून, त्या लांब चोचीच्या किटलीतून, कॉफी ओतणाऱ्यानं पहिला पेला पाहुण्याला न देता बाईंसमोर धरला. बाईंनी सगळ्यांदेखत एक घोट घेतला. वाळवंटातली रीत आहे ती. पहिला घोट यजमानाचा, म्हणजे पाहुण्याला खात्री पटते की यात विष नाही. त्यानंतर पाहुण्यांचे पेले भरले गेले.

नीरजा त्या पेल्याकडं बघत राहिली. आणि मग तिनं सरळ जाऊन टेबलावरचा माईक उचलला.

"सन्माननीय पाहुणेहो," ती इंग्रजीत म्हणाली. "आत्ता आपण या देशाची एक सुंदर रीत बघितली. पहिला घोट यजमान घेतो. आमच्या सेंटरमध्येही तसंच आहे. पाहुण्याला सुई लावण्याआधी पहिली सुई आमचे मॅनेजर शैलेश सर स्वतः घेणार आहेत. फऱ्यावरची. फुफ्फुसांसाठीची."

टाळ्या पडल्या. पर्यटन खात्याच्या पाहुण्यांनी तर माना डोलावल्या. उम्म नासेर खूश होऊन म्हणाल्या, "बहुत अच्छा, शैलेश!" कॅमेरे वळले. मास्तरांना कुणीतरी खुर्ची दिली.

शैलेश सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आता ते नुसतं दातांवर अडकलं होतं. नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी कोट काढला, शर्ट काढला आणि गोरीपान पाठ वर करून टेबलावर पालथे झाले. मनमायानं नीरजाकडं बघितलं. नीरजानं नुसती होकाराची मान डोलावली. मनमायानं लांबातली लांब सुई निवडली, स्पिरिटचा बोळा सरांच्या फऱ्यावर फिरवला आणि सुई उजेडात धरून बघितली. तेवढं ती व्हिडिओतून व्यवस्थित शिकली होती.

बोळ्याचा गारवा लागताच सरांच्या पाठीवर काटा आला. कॅमेऱ्याकडं हसरं तोंड तसंच ठेवून ते दातांतून मराठीत बोलले, "नीरजाताई, थांबवा तिला."

"का हो?" नीरजा खाली वाकली, मराठीतच बोलली. "डॉक्टर आहेत की त्या. चेंगदूच्या."

"चेष्टा पुरे. तिला घंटा काही येत नाही! मसाजवाली आहे ती. फुफ्फुसात घालेल माझ्या!"

"आणि त्या मास्तरांच्या फुफ्फुसात गेली असती तर?"

"अहो, ते सात दिवसांत आपल्या देशात परत जाणारेत. तिथं काय होईल ते होईल, कोण विचारायला येतंय? आणि इथंच काही झालं तर ही आहे ना! हिलाच पुढं करायचं. कोट हिच्या अंगात, सुई हिच्या हातात. चार दिवस आत बसेल, मग काठमांडूच्या विमानात. आता थांबवा, म्हातारी बघतेय!"

म्हातारी बघत होतीच. हातभर अंतरावर होती. तिच्या हातातला कॉफीचा पेला हवेत तसाच थांबला होता. हॉलमधल्या एवढ्या माणसांत त्या चार वाक्यांचा अर्थ कळणारी माणसं तीनच होती, आणि त्यातल्या तिसरीची शैलेश सरांना कल्पना नव्हती.

उम्म नासेरांनी पेला खाली ठेवला आणि पुढं झुकल्या.

"शर्ट घाल," त्या मराठीत म्हणाल्या. हळू आवाजात. दाई बोलायची तसं. "ऊठ. खोटारडा."

शैलेश सर पालथे होते तिथंच गोठले. मग त्यांनी मान वळवली, आणि नीरजानं पहिल्यांदाच त्यांचा न हसणारा चेहरा बघितला.

बाहेर काही फुटलं नाही. उम्म नासेरांनी उठून अरबीत आणि इंग्रजीत जाहीर केलं की मॅनेजरची प्रकृती बिघडली आहे, सुयांचा कार्यक्रम रद्द, पाहुण्यांचे सगळे पैसे परत, आणि आता जेवण. लोक जेवणाकडं वळले. मनमाया अजून सुई धरूनच उभी होती. बाईंनी ती तिच्या बोटांतून काढून घेतली.

दोघींना ऑफिसात नेऊन दार लावल्यावर बाई मऊ झाल्या. "मला माहीत नव्हतं," म्हणाल्या. "तू सांगायचं मला."

नीरजानं हा राग इतके दिवस एकाच माणसासाठी साठवला होता. आता तो त्याच्यापुरता उरला नाही.

"सांगायला आले होते. तुम्ही हात वर केलात," ती म्हणाली. "पोस्टर तुमच्या दारावर लागलंय, मॅडम. नऊ वर्षं ही बाई तुमच्या घरी येऊन तुमचे पाय चोळायची. त्या फोटोत तुम्हाला ती ओळखू आली नाही? एवढं तोंड बघितलंच नव्हतं का कधी?"

म्हातारीनं टेबलावरचा फोन जवळ ओढला. नोकरी गेली, असं नीरजाला वाटलं, आणि वाटूनही वाईट वाटलं नाही. पण बाईंनी सरकारी कागदपत्रांची कामं बघणाऱ्या मंदूबला फोन लावला. मसाजवाल्या बाईचा रिलीज आजच, आत्ताच. तक्रार, नोंद काही नाही. फोन कानाशी तसाच धरून त्यांनी मनमायाकडं बघितलं आणि हिंदीत विचारलं, "तेरा पूरा नाम क्या है?"

"मनमाया तामांग," ती म्हणाली. तिनं पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग कोट काढला, नीट घडी घातली आणि पट्टीशेजारी ठेवला.

तेवढ्यात दार उघडून शैलेश सर आत आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्यांनी बाईंकडं बघायचं टाळलं आणि नीरजाला म्हणाले, "ताई, आपल्या माणसानं आपल्या माणसाला असं तोंडघशी पाडायचं? परक्या मुलखात?"

"आपलं माणूस?" नीरजाचा आवाज एकदम चढला. "हिच्या अंगावर लोक थुंकायले होते तेव्हा मी हिला घरी नेलं. आजारी पडले तेव्हा हिनं माझं मळलेलं धुतलं. आपलं माणूस मला माहीत आहे कोण ते. तुम्ही नका शिकवू."

बाहेर हॉलमध्ये पाहुणे, एजंट, कॅमेरे सगळे जेवत होते. शैलेश सर पुढच्या दाराकडं निघाले, तिथला गोंगाट ऐकून थबकले आणि काय करावं ते न सुचून उभे राहिले.

मनमायानं तोंडावरचा मास्क तसाच राहू दिला. टेबलावरच्या खोक्यातून दुसरा, नवा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"सर," ती म्हणाली, "पीछे के दरवाज़े से जाइए. मुँह ढक के."